आक्काच्या रबरी चकत्या

फोन आला तेव्हा माझ्या हातात आक्कासाठीच करायला घेतलेला चिमटा होता. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी एक छोटा व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा शिकंजा, बसवून घेतलाय. आल्यागेल्याला बायको त्याची ओळख ‘ही माझी सवत’ अशीच करून देते. तर त्या व्हाइसमध्ये स्टीलची पट्टी धरून मी सकाळी सकाळी फाइल, म्हणजे कानस, मारत बसलेलो. पट्टीच्या टोकांना आतून चामडं लावायचं, मध्ये नाजूकशी स्प्रिंग टाकायची, म्हणजे गोधडीची सुई चिमट्यात धरली की सुटणार नाही आणि आक्काच्या सुजलेल्या बोटांना जोरही लावावा लागणार नाही, असा सगळा बेत डोक्यात तयार होता. तेवढ्यात बाळकुमहून तिच्या सुनेचा, स्मिताचा फोन. “मामा, आई गेल्या हो. झोपेतच... मी चहा घेऊन उठवायला गेले तर...” आता गंमत बघा माणसाच्या डोक्याची. फोन ठेवला आणि मी आणखी चार-पाच हात फाइल मारली. पट्टीची धार मोडायची राहिलेली ना. ती मोडली, पट्टी फडक्याने पुसली, आणि मग मला रडू आलं.

त्याला आता दीड महिना होत आला. शकुंतला हे तिचं कागदावरचं नाव, पण आमच्या घरात, मोहन्याच्या चाळीत आणि नंतर बाळकुमच्या टॉवरमध्येही ती सगळ्यांची आक्काच. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई कामाला जायची, त्यामुळे माझं नाक पुसण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं आक्कानेच केलं. तिच्यावर लिही असं विलास, तिचा मुलगा, म्हणाला तेव्हा मी म्हटलं, अरे, मी टर्नर माणूस. वागळे इस्टेटमध्ये सदतीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या मशीनवर, उभा राहिलोय, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात बोलणारा. मला काय लिहिता येणार? पण पेपरात छोटी बातमी दिली तिच्यात ‘पश्चात मुलगा, सून, नातवंडे असा परिवार’ एवढंच आलं. माझं डोकंच फिरलं. परिवार प्रत्येकाच्याच पश्चात असतो. आक्काच्या पश्चात चार इमारतींमधल्या बायकांच्या शिवणाच्या पिशव्यांत रबराच्या गोल चकत्या आहेत, हे कोण लिहिणार? म्हणून बसलो.

गोधडी ज्यांनी नुसती पांघरलीय, त्यांना वाटतं की शिवताना सुई आत घालणं हेच काम. तसं नसतं हो. खाली जुनी लुगडी, मध्ये धोतरं, सदरे, चादरी, वर परत लुगडं, असे सहा-सात थर असतात. सुई आत ढकलायला तळहाताचा जोर मिळतो. अडचण असते पलीकडून बाहेर ओढताना. टोक तेवढं वर आलेलं, बाकी सुई कापडात घट्ट, आणि धरायला मिळतंय ते बोटभरसुद्धा नाही. त्यात हाताला घाम. गुळगुळीत स्टील ओल्या चिमटीत धरून ओढून बघा एकदा, म्हणजे कळेल. एका गोधडीत असे हजारो टाके. आमची आई सरळ दात लावायची. सुईचं टोक दातात धरून मान मागे झटकायची, की सुई बाहेर. त्यापायी तिच्या पुढच्या दाताला खाच पडलेली. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच आयांना तशी खाच असते. आक्का मात्र त्या खाचेकडे बघून अकरा-बाराव्या वर्षीच म्हणाली होती, “मी शिवीन, पण दात नाही घालणार.” आईने तिला एक धपाटा घातला आणि म्हणाली, “मग काय पायाने ओढशील का गं, राणीसाहेब?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आक्काचा जन्म गेला, असं म्हटलं तरी चालेल. लग्न होऊन ती मोहन्याला आली. दाजी रेयॉनच्या कारखान्यात, तीन पाळ्या, जायला-यायला सायकल. एका पहाटे सायकल पंक्चर, पाळीची वेळ झालेली, दाजींनी कपाटावरची नवीकोरी जादा ट्यूब काढली तर तिला मधोमध चवलीच्या नाण्याएवढं भोक! कात्रीने नीट कापलेलं. उंदराला कात्री कधीपासून मिळायला लागली, असं दाजींनी विचारलं. आक्का खालमानेने म्हणाली, “मी घेतलं. सुई धरायला. जुन्या ट्यूबला चिकटवायचा सोल्यूशन असतो, त्याचा वास येतो हो गोधडीला.” दुसऱ्या कुणी आरडाओरडा केला असता. दाजी हसत सुटले, चालत कामावर गेले, खाडा लागता लागता राहिला, आणि येताना पंक्चरवाल्याकडून ओंजळभर रबराचे तुकडे घेऊन आले. त्या दिवसापासून पंक्चरवाला दाजींना बघितलं की न मागता तुकडे काढून ठेवायचा. चिमटीत रबराचा तुकडा धरायचा, त्यात सुईचं टोक पकडायचं, की सुई मुकाट्याने बाहेर येते. एवढीच ती युक्ती. पण चाळीतल्या निम्म्या बायकांचे दात त्या युक्तीने वाचवले, हे मी छातीठोक सांगतो.

आणि ती काही ट्यूबवर थांबली नाही. ट्यूब जाड, हाताला सुईचा अंदाज येत नाही म्हणायची. विलासच्या पहिल्या वाढदिवसाला फुगे आणलेले, पाहुणे जायच्या आत फुटक्या फुग्यांची रबरं हिच्या पिशवीत. फुगा पातळ, छान, पण दोन दिवसांत चिरतो. मग कानात घालायच्या औषधाच्या बाटलीचं रबरी बोंडुक तर्जनीवर चढवून बघितलं. आमच्या घरी आली की स्वयंपाकघरात आधी कुकरच्या जुन्या रिंगा शोधायची. “वहिनी, टाकून नका देऊ बरं का,” असं माझ्या बायकोला दम दिल्यासारखं सांगायची. सुई आत जाताना अडू नये म्हणून साबणाच्या उरलेल्या चिपेत टोचून ठेवायची, पावसाळ्यात बोटांना पावडर लावायची. शेवटी भांडी घासायचे रबरी हातमोजे बाजारात आले, आणि तिला सापडलं. ना जाड ना पातळ, एका बाजूने खरखरीत. एक हातमोजा फाटला की बाई खूश. फाटका हातमोजा घेऊन मोहन्याहून डोंबिवलीला मला दाखवायला आलेली, आता बोला! मी म्हटलं, “आक्का, लोक भावाला पेढे घेऊन येतात.” तर म्हणाली, “पेढे संपतात रे.”

आता माझं सांगतो, कारण माझी दुखरी नस तीच होती. मी लेथवरचा माणूस. मुंबईतल्या मोठमोठ्या कंपन्यांचे जॉब, म्हणजे कातायचे सुटे भाग, माझ्या हाताखालून गेलेले. फोरमन मला म्हणायचा, बाळासाहेब, तुमच्या हाताला डोळे आहेत. आणि माझी सख्खी बहीण सुई धरायला फाटका हातमोजा वापरते? मला ते सहन होईना. मी तिला पहिल्यांदा एक छोटी पकड करून दिली. तिने दोन टाके घातले आणि सुई वाकडी करून माझ्या हातात ठेवली. मग मी ड्रिल मशीनला असतो तसा चिमुकला चक केला, सुई घाला, फिरवा, घट्ट करा, ओढा. बघायला इतका देखणा की फोरमनने ड्रॉइंग मागितलं. आक्काने वापरून बघितला आणि म्हणाली, “बाळू, तुझं हे फिरवेपर्यंत माझी एक ओळ होते.” खोटं कशाला सांगू, घरी येऊन मी जेवलो नाही. मला फार काही नको होतं. माझ्या हातची एक वस्तू, एकच, तिच्या हातात रोज असावी. जिने माझा हात धरून मला गिरवायला शिकवलं, तिच्या हाताला माझ्या हाताचा काही उपयोग व्हावा, एवढंच.

मग एका भीमजयंतीला मी तिच्यासाठी पितळेचं अंगुस्तान केलं. शिंपी बोटात घालतात ना ते, दोन्ही बाजूंनी उघडं, नळीसारखं. चांगल्या पितळी पाइपचा तुकडा घेतला, आतून गुळगुळीत केला, बाहेरून पकड यावी म्हणून बारीक दातेरी नक्षी पाडली. रबर नको, काही नको, या नक्षीवर सुई टेकवायची आणि अंगठ्याने दाबून ओढायची. आदल्या दिवशी सुटी व्हायला आलेली, भोंगा वाजायची वेळ, घाईघाईत लेथवरून उतरवलं आणि खिशात टाकलं. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, मिरवणुकीला जायचे निळे फेटे बांधून आम्ही सगळे मोहन्याला जमलेलो, आणि मी ते सगळ्यांसमोर तिच्या बोटात घातलं. तिने हात फिरवून बघितला. सोन्याचं असावं तसं बघितलं. आणि “आई गं!” करून हात झटकला. बोटावर रक्ताची रेघ.

मी धार मोडायला विसरलेलो.

लेथवर काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. जॉब कापला की त्याच्या कडेला वस्तऱ्यासारखी धार राहते. ती फाइलने मोडल्याशिवाय जॉब हातावेगळा करायचा नसतो, हे पहिल्या दिवशी शिकवतात. पोरगा विसरला तर फोरमन सगळ्यांसमोर त्याचा उद्धार करतो. सदतीस वर्षांत माझ्याकडून ही चूक एकदाच झाली, आणि ती सख्ख्या बहिणीच्या बोटावर. पुतण्या-भाचरांनी मला दिवसभर चिडवलं. “मामाने आक्काला अंगठी दिली, बोट कापून घेतलं!” आक्काने बोटाला हळद लावली, अंगुस्तान रुमालात गुंडाळून ठेवलं. पुढच्या भेटीत मी फाइल घेऊनच गेलो. म्हटलं, दे इकडे, दोन मिनिटांचं काम. तर म्हणाली, “अरे, ते हरवलं बघ कुठेतरी.” मी तिच्या डोळ्यांत बघितलं, तिने पदराने चष्मा पुसायला घेतला. मला वाटलं, भंगारवाल्याला दिलं असणार आणि सांगायची लाज वाटतेय. त्यानंतर किती वर्षं मी तिच्यासाठी काही केलं नाही. रुसलोच म्हणा ना. साठीच्या माणसाने रुसू नये असं कुठे लिहिलंय का?

दाजी गेले आणि विलासने तिला बाळकुमला स्वतःकडे आणलं. बावीस मजल्यांचा टॉवर, त्यात चौदाव्यावर आक्का. खिडकीतून खाली बघून म्हणाली, “इथून गोधडी झटकली तर धूळ कुणाच्या गावात जाईल रे?” तोवर बोटांनी त्रास द्यायला सुरुवात केलेली. सांधेवात. सकाळी उठली की मूठ वळायची नाही, बोटांची पेरं आल्याच्या कांड्यांसारखी झालेली. डॉक्टरांनी सांगितलं, सुईकाम बंद. विलासने सांगितलं, सुईकाम बंद. स्मिताने प्रेमाने गोधडीची पेटी माळ्यावर टाकली. आक्का महिनाभर गप्प बसली. मी भेटायला गेलो तर टीव्हीसमोर मांडीवर हात उपडे ठेवून बसलेली. मी तिला तसं कधीच बघितलं नव्हतं. तिच्या हातात लहानपणापासून काही ना काही असायचंच, नाहीतर माझं मानगूट असायचं. मला म्हणाली, “बाळू, हात गेले की माणूस अर्धा जातो रे...” मी स्टुलावर चढलो आणि कुणाला न विचारता पेटी खाली काढली. स्मिता माझ्यावर चिडली, डॉक्टर माझ्यावर चिडले असतील. चिडू देत.

त्या पेटीतून मग चकत्या सुरू झाल्या. आक्काने ओळखलं की आता नुसता तुकडा पुरणार नाही, तुकडा घडीचा झाला की बोटांना तो धरायलाच जोर लागतो. तिला हातमोज्याच्या रबराच्या छोट्या गोल चकत्या हव्या होत्या, जुन्या चार आण्यांएवढ्या, खरखरीत बाजू आत. एक अंगठ्याखाली, एक तर्जनीखाली, मध्ये सुई. कोपरा नाही, त्यामुळे दुमडत नाही, दोऱ्यात अडकत नाही. बोटं घट्ट आवळायचीच नाहीत, नुसती टेकवायची आणि मनगटाने ओढायचं. सांधेवाताच्या त्या हातांनी तिने माझ्या नातीची गोधडी शिवली. डॉक्टर ती बघून म्हणाले, हे कसं केलंत? आक्काने पिशवीतून दोन चकत्या काढल्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवल्या. “कचऱ्यातून,” म्हणाली. पुढे त्या दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी तिच्याकडून चकत्या न्यायला घरी यायची, हाताच्या पेशंटांना बटणं लावायची, चावी धरायची सवय करून द्यायला. ज्या दवाखान्याने सुई बंद केली, तिथेच आक्काचं रबर पोचलं! मी ही गोष्ट आमच्या इमारतीत इतक्यांदा सांगितलीय की आता लोक लिफ्टमध्ये माझ्याबरोबर शिरत नाहीत.

टॉवरमध्ये तिची पहिली शिष्या म्हणजे पाटीलकाकू. मूळच्या बाळकुमच्याच. जिथे हे टॉवर उभे आहेत तिथे त्यांची भातशेती होती. “तुमची लिफ्ट हाय ना, तितं आमचा खला व्हता,” असं नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगतात; खला म्हणजे भात झोडायचं खळं. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या, पण उजव्या हातात जोर उरला नव्हता. घरात माणसं भरपूर, कुणी काम करू द्यायचं नाही, म्हणून वैतागून खाली बाकावर येऊन बसायच्या. आक्काने त्यांच्या हातात सुई आणि दोन चकत्या दिल्या. पहिल्या दिवशी एक टाका, दुसऱ्या दिवशी तीन. मग एकेक करून बायका वाढल्या. दुपारी खालच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जणी सतरंज्या टाकून बसायला लागल्या. कुणाची बोटं वाकडी, कुणाचं मनगट मोडून जुळलेलं, कुणी नुसतीच एकटी. प्रत्येकीला आक्काकडून चिंधीची छोटी पिशवी, आत चार चकत्या. रबर महिन्या-दोन महिन्यांत कडक होतं, मग नव्या चार. गेल्या वर्षी हॉलमध्ये त्यांनी गोधड्या टांगल्या, बघायला अख्खं बाळकुम लोटलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी आक्काला माइक दिला. मला वाटलं घाबरेल. तर ही म्हणाली, “घरातले फाटके हातमोजे टाकू नका, मला आणून द्या. नमस्कार.” आणि बसली. टाळ्या काही थांबेनात. मी मागच्या रांगेत उभा राहून ओरडून सांगत होतो, बहीण आहे माझी, सख्खी बहीण.

त्या दिवशी मी चार चकत्या खिशात घालून घरी आणल्या. माझ्यातला टर्नर स्वस्थ बसेना. व्हर्नियर काढला आणि मोजल्या. चारही तंतोतंत सारख्या. कडा एकदम स्वच्छ, कुठे कात्रीचा कोपरा नाही. मी फोन लावला. “आक्का, या कशाने कापतेस गं?” “कात्रीनं.” “कात्रीने इतक्या गोल?” “हाताला सवय आहे रे.” खरं सांगतो, मला हेवा वाटला. मी सदतीस वर्षं मशीन लावून जे करायचो ते ही सांधेवाताची बाई कात्रीने करते! हेव्यातूनच माझा रुसवा सुटला म्हणायला हरकत नाही. मी पुन्हा तिच्यासाठी काहीतरी करायचं ठरवलं, तोच तो स्प्रिंगचा चिमटा. शेवटच्या भेटीत तिला त्याचं चित्र काढून दाखवलं. तिने कागद लांब धरला, जवळ धरला. “छान आहे,” म्हणाली. मग माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, “आण बाबा, तुझा चिमटापण आण. तुला करायला आवडतं ना...” यावर मी थोडा चिडलोच. मला आवडतं म्हणून वापरणार असशील तर राहू दे, असं काहीतरी तोडून बोललो आणि निघालो. ती दारापर्यंत आली, लिफ्ट बंद होईपर्यंत उभी होती. ते शेवटचं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम खालच्या त्याच हॉलमध्ये झाला. पांढऱ्या साड्यांमध्ये तिच्या सगळ्या बायका आलेल्या. भन्तेजींची वंदना झाली, दोन-चार जण बोलले. जेवणं चालू असताना पाटीलकाकू काठी टेकत माझ्याकडे आल्या आणि चिंधीची पिशवी माझ्यासमोर उपडी केली. दोनच चकत्या पडल्या, कडक झालेल्या, चिरलेल्या. “आता रं दादा? सगल्यांच्या संपल्यान. ती व्हती तवर महिन्याला देयाची. आता कोन कापल?” मी म्हटलं, मी कापतो, त्यात काय. ऐट होती ना. स्मिताकडून हातमोजा आणि कात्री मागून तिथेच बसलो. पहिली चकती बटाट्यासारखी झाली. दुसरीला सहा कोपरे. बायका बघतायत, मी घामाघूम. मी म्हटलं, “काकू, आक्काचा हातच वेगळा. कात्रीने असं गोल मला जन्मात जमणार नाही.”

पाटीलकाकू बघतच राहिल्या माझ्याकडे. “कातरीनं?” म्हणाल्या. “आरं दादा, कातरीनं नाय रं कापत व्हती ती! तुला नाय सांगलं कवा?” आणि मग स्वतःच तोंडावर हात घेतला. “आता गेली बिचारी. आता सांगाया हरकत नाय. चल वर.”

वर आक्काच्या खोलीत पेटी होती तिथेच होती. काकूंनी स्मिताकरवी तळाचा बिस्किटाचा डबा काढायला लावला. आत एक लाकडी पाट, वीतभर लांबीचा, वर सगळीकडे गोल गोल खुणा. खलाचा एक बत्ता. आणि रुमालात गुंडाळलेलं पितळेचं अंगुस्तान... माझं अंगुस्तान. एका बाजूची कड ठोकून ठोकून पसरट झालेली, दातेरी नक्षी बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली. आणि दुसरी कड, मी धार मोडायला विसरलो ती कड, सहाणेवर घासून घासून, धार लावून लख्ख ठेवलेली. काकूंनी हातमोजा पाटावर पसरला, अंगुस्तान उभं ठेवलं, डाव्या हाताने वरून बत्ता मारला. टक्. उचललं तर आत गोल चकती. चार आण्यांएवढी.

मी आक्काच्या पलंगावर बसलो. काकू सांगत होत्या, “तिनं मना दावलेलं. बोलली, माज्या भावानं केलंय, बालूनं. बोट कापलं तवाच वलखलं, ही धार रबर कापाया कामाची. याच्यासारकी धार बाजारात नाय गावायची. पन त्याला नको सांगू गो, तो लगीच सुधराया घेल, नि धार घालवून ठेवल.” स्मिता तोंडात पदर कोंबून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही तसंच. हरवलं म्हणाली होती! चष्मा पुसत होती! अगं बये, इतकी वर्षं मी रुसून बसलो आणि तू माझ्या चुकीवर अख्ख्या सोसायटीचे हात चालवत होतीस? सांगितलं असतंस तर... पण सांगितलं असतंस तर मी नक्कीच फाइल घेऊन आलो असतो. तू बरोबर ओळखलेलंस. आणि मी त्या दिवशी तिला तोडून बोललो, ते मात्र आता कुठल्या फाइलने मोडायचं नाही.

मला आता विचाराल तर मी या बाईचा भाऊ आहे, याच्यासमोर मला माझी सदतीस वर्षं फार लहान वाटतात. तिने कधी काही विकलं नाही, कशावर नाव घातलं नाही. कुणी शोध म्हटलं की ‘कसला शोध, कचरा आहे तो’ म्हणायची. पण मोहन्यात दात शाबूत असलेल्या म्हाताऱ्या आहेत, बाळकुमला हात हलवणाऱ्या पाटीलकाकू आहेत, आणि दवाखान्यात कुणीतरी अनोळखी माणूस आज स्वतःच्या सदऱ्याचं बटण स्वतः लावत असेल. मिरवण्यासारखं असेल तर हे आहे, आणि मी ते मिरवणार.

अर्धवट राहिलेला चिमटा व्हाइसमध्ये तसाच आहे. मी रविवारी बाळकुमला जातो. बायकांनी आठवडाभर जमवलेले फाटके हातमोजे एका पिशवीत तयार असतात. हॉलमध्ये पाट मांडतो, बत्ता घेतो, आणि सगळ्या आपापल्या पिशव्या उघडून रांगेत बसतात. गेल्या रविवारी चकत्या पहिल्या ठोक्यात सुटेनात, दोनदा मारावं लागलं. मी अंगुस्तान उजेडात धरून बघितलं. कड थोडी वेडीवाकडी झालेली. सवयीने माझा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला, फाइल काढली, अंगुस्तान दोन बोटांत फिरवून नीट धरलं, पहिला हात मारणार तोच समोरून पाटीलकाकू म्हणाल्या, “दादा...”

एवढंच. सगळ्या बायकांच्या सुया थांबलेल्या. मी फाइल पिशवीत परत ठेवली, स्मिताला म्हटलं, “वरून आक्काची सहाण घेऊन ये गं.”